लाल बटण

चाकणच्या कंपनी बसमध्ये तो कासारवाडीला चढायचा. नाव कधी विचारलं नाही. मांडीवर डब्याएवढा सॅम्पलर, म्हणजे आवाज भरून हवा तसा वाजवायचं यंत्र, असायचा. आमच्याच प्रेस शॉपमधल्या, डायखाली पत्रा ठोकणाऱ्या प्रेसचा आवाज त्यात भरून त्यानं त्याचे बारीक तुकडे केले होते. बटण दाबलं की ते तुकडे वाटेल त्या क्रमानं वाजायचे आणि हा हेडफोन लावून वरातीत असल्यासारखा डोलायचा.

एका सकाळी हेडफोनची पिन निघाली. धाड्, धडधड, मग काहीच नाही, मग पुन्हा धाड्! झोपलेले आम्ही सगळे प्रेसवाले दचकून उठलो आणि पुढच्या सीटच्या पाठीवर मशीन थांबवायचं लाल बटण शोधू लागलो. मागून एक फिटर ओरडला, "बंद करा, डाय फुटंल!" ड्रायव्हरनं घाबरून बसच बंद केली.

तो मात्र शांतपणे म्हणाला, "राव, प्रेस शिफ्टभर एकाच ठेक्यात मारते बिचारी. इथं तरी तिला मनासारखं वाजू द्या की."

परवा मी चालती प्रेस थांबवली. सुपरवायझर धावत आला. "काय बिघडलं?"

"सर, सकाळपासून ऐकतोय," मी म्हणालो, "एकदाही ठेका चुकली नाही."