ओटीपी भाऊजींच्या मोबाइलवर

छातीतली गाठ हाताला लागली तेव्हा मला आधी आठवला तो पुतणीचा साखरपुडा. तो रविवारवर आला होता. भाऊजींना, म्हणजे माझ्या दिरांना, कळलं असतं तर त्यांनी हॉल, आचारी, पाहुणे सगळं थांबवलं असतं. माणूसच तसा. म्हणून कुणाला न सांगता मी शाहूपुरीतल्या लॅबमध्ये गाठीचा तुकडा तपासायला देऊन आले आणि घरी गप्प लाडू वळायला बसले.

रिपोर्टच्या दिवशी सकाळपासून मोबाइल हातातून सोडला नाही. काहीच येईना. जीव टांगणीला लागला. शेवटी भाजी आणते म्हणून सांगितलं आणि लॅब गाठली.

काउंटरवरच्या मुलीने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. "रिपोर्ट गेलाय की मावशी, व्हॉट्सअ‍ॅपवर."

तिने नंबर वाचून दाखवला. भाऊजींचा नंबर! आमचे हे गेल्यापासून गॅस, लाइट, बँक, सगळीकडे तोच. मागे कधीतरी इथे साखर तपासली तेव्हाही तोच दिला असणार. तेव्हा त्याचा आधार वाटायचा. आता संताप झाला, आणि तो काढावा कुणावर तेही कळेना.

"तो काढ, माझा घाल. आणि रिपोर्ट मला कागदावर दे."

"देते की. पण जुन्या नंबरवर ओटीपी जातोय. त्यो सांगा, मगच हुतंय."

"अगं, गाठ माझी, छाती माझी!" मी मोठ्यानेच म्हणाले. बाकावरचे लोक बघायला लागले.

"व्हय मावशी, पण सिस्टीम ऐकत न्हाय."

मग काय, लावला फोन. दुकानात गर्दी असेल, त्यांनी काही उघडलं नसेल, एवढीच आशा होती.

"भाऊजी, मोबाइलवर ओटीपी आला असेल बघा, गॅसचा..."

एरवी हा माणूस फोनवर बोलला की गल्लीला ऐकू जातं. त्या दिवशी इतका हळू बोलला की मला दुसरा कान दाबून धरावा लागला.

"वैनी, गॅसचा न्हाय, लॅबचा हाय. तुमी तितंच थांबा, मी निघालोय. साखरपुडा फुडं ढकललाय. पावण्यांना कळवलंय."

मी मोबाइल भाजीच्या रिकाम्या पिशवीत टाकला.

"आला का ओटीपी, मावशी?" मुलीने विचारलं.

"राहू दे," मी म्हटलं. "मला रिपोर्ट कळला."