देवाला काळं फासलं तो रविवार

सत्तरच्या दशकात मी कोल्हापुरात एका सरकारी कचेरीत कारकून होतो. आपण मुळात इतिहाससंशोधक आहोत, फायली काय त्या पोटासाठी हलवतो, अशी माझी तेव्हा प्रामाणिक समजूत होती. तिला कारण आमचा रविवारचा गट. शाळेतून निवृत्त झालेले एक सर आम्हा सात-आठ जणांना आसपासची देवळं, लेणी, पडके बुरूज दाखवायला न्यायचे. सकाळची एसटी, डब्यात चपाती-भाजी आणि दिवसभर सरांच्या मागून उन्हातान्हात हिंडणं. सर फार कमी बोलायचे. ती उणीव मी भरून काढायचो. एकदा पन्हाळ्यावर एका बाईंनी मला गाइड समजून प्यायचं पाणी कुठं मिळेल म्हणून विचारलं. मी त्यांना शिलाहार राजांपासून सांगायला सुरुवात केली. बाई तहानलेल्याच निघून गेल्या.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला सरांना पन्हाळ्याच्या पायथ्याजवळच्या एका गावात वीरगळ सापडला. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या माणसाच्या आठवणीसाठी उभा केलेला कोरीव दगड. त्यावर खाली एक-दोन ओळींचा लेख होता, पण झिजलेला. सर म्हणाले, "याचा ठसा घ्यायला पाहिजे." दगड धुवायचा, त्यावर ओला कागद बसवायचा, ब्रशनं ठोकून तो अक्षरांच्या खाचांत घालायचा, आणि जरा सुकला की वरून शाईचा बोळा हलक्या हातानं फिरवायचा. खाचा पांढऱ्या राहतात, बाकी काळं होतं. वाचायला सोपं.

आमच्या गटात शिवाजी पेठेतले एक बुकबाइंडर होते. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. आयुष्य कागद आणि खळीत गेलेलं, त्यामुळे हे काम त्यांनी करायचं हे उघड होतं. पण मी पुढं झालो. "चाचा, तुम्ही राहू द्या. ही शास्त्रीय गोष्ट आहे," असं मी म्हणालो. होय, याच शब्दांत. चाचा हसले आणि म्हणाले, "करा की. फक्त शाई पातळ नका करू, आणि कागद सुकू द्या."

त्या रविवारी गावात पोचलो तर सर म्हणाले, "मी पाटलांना भेटून परवानगी घेऊन येतो, तोवर थांबा." ते आणि बाकीची मंडळी चावडीकडे गेली. दगडापाशी मी आणि चाचा. पाच मिनिटं मी थांबलो. पाच मिनिटं माझ्या मानानं पुष्कळ होती. दगडाला परवानगी कसली, तो काय नको म्हणणार आहे, असं म्हणत मी कागद भिजवला.

दगडावर पिढ्यान्‌पिढ्यांच्या तेला-लोण्याचा थर होता. तो काढायचा असतो हे मला माहीत होतं, पण ऊन चढत होतं. कागद बसेना. मी दाबला. सुकेना, तर मी शाई लावली. पातळच कालवली होती. ती कागदातून थेट आत उतरली, कागद मधोमध फाटला आणि बाजूला केला तर दगड वरपासून खालपर्यंत काळा कुळकुळीत. चाचा नुसते "या अल्ला" एवढंच म्हणाले.

तेवढ्यात एक म्हातारी आली. हातात वाटी, वाटीत लोण्याचा गोळा. तिनं दगडाकडं बघितलं, मग माझ्या हातांकडं.

"काय वो पावणं, देवाला काळं फासलंसा?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हणालो, "आजी, हा देव नाही. हा वीरगळ आहे. साधारण शिलाहार काळातला."

म्हातारीनं वाटी खाली ठेवली आणि जी हाक मारली ती बहुधा पन्हाळ्यावर ऐकू गेली असावी. दहा मिनिटांत अख्खं गाव गोळा. दूध आटलेल्या म्हशीची मालकीण या देवाला लोणी लावते, हे तेव्हा मला कळलं. सर धापा टाकत आले, दगड बघितला आणि चष्मा काढून पुसत राहिले. मी पुन्हा तोंड उघडणार तोच चाचांनी माझ्या दंडाला धरून मागं ओढलं. स्वतः पुढं झाले, बाह्या सारल्या आणि हात जोडले.

"आजी, चूक आमची हाय. राख आन् शिकेकाई हाय का घरात? आम्हीच धुतो."

"धुतोय म्हणं. आन् पाणी?"

चाचांनी माझ्याकडं बोट केलं. "ह्ये आणतील की."

विहीर गावाच्या दुसऱ्या टोकाला होती. दुपारपर्यंत मी घागरी वाहिल्या. दर खेपेला वाटेवरच्या बायका विचारायच्या, "अजून न्हाय निघालं?" आणि हसायच्या. चाचा आणि दोन म्हाताऱ्या दगड घासत होत्या. शाई निघाली, तिच्याबरोबर तो जुना थरही निघाला, आणि खालची अक्षरं कधी नव्हे इतकी स्वच्छ दिसायला लागली. सर गुडघ्यावर बसले. त्यांचं आजोळ सीमेपलीकडचं, त्यांना जुनी कन्नड थोडी वाचता यायची. बोटानं एकेक अक्षर चाचपत ते म्हणाले, "गायी सोडवताना पडला, असं दिसतंय. नाव झिजलंय."

सगळे वाकून बघायला लागले. म्हातारीला मात्र काही नवल वाटलं नाही.

"त्येच की. गुरांपायी मेला म्हणून तर लोणी लावतोय. तुमास्नी म्हाईत न्हवतं व्हय?"

मला माहीत नव्हतं. सगळ्या गावाला माहीत होतं, आणि मी त्यांना शिलाहार सांगायला निघालो होतो. कान गरम झाले ते मला अजून आठवतात. मी वाकून दगडाला नमस्कार केला, मग म्हातारीला. तिनं माझ्या काळ्या हातांकडं बघून तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "जेवून जावा आता. हात धुवा आधी." ओसरीवर बसून भाकरी आणि खर्डा खाल्ला. हात धुतले तरी भाकरीवर बोटं उमटलीच. ठसा म्हणून एवढाच चांगला आला.

महिन्याभरानं आम्ही पुन्हा गेलो, या वेळी रीतसर विचारून. ठसा चाचांनी घेतला, आणि तो इतका देखणा आला की सरांनी त्यांना मिठी मारली. कागद उन्हानं भराभर सुकू नये म्हणून वर कुणीतरी छत्री धरायला हवी होती. ते काम मला मिळालं. दीड तास मी एक अक्षर न बोलता उभा होतो. त्या दिवशीचा एक फोटो आहे. त्यात दगड आहे, चाचा आहेत, सर आहेत, म्हातारीही पदर सावरून उभी आहे. माझा फक्त कोपरापर्यंतचा हात आलाय.