हायसिंथची खाज

खाजवण्याला आवाज असतो. कॉफीची वेळ झाली, कंद चाळायचं यंत्र थांबलं, की आमच्या गोदामात मला तो अजून ऐकू येतो. जाड लोकरीवरून फिरणाऱ्या नखांची खरखर, खिडकीजवळच्या टेबलाकडून. तिथं आता कुणी बसत नाही. तरी मी वळून बघते आणि मग स्वतःवरच चिडते.

तिथं प्लोनी बसायची. १९६८ साली ती आमच्या गावच्या सीमशी लग्न करून रॉटरडॅमहून आली. शहरातली पोर, रंगवलेली नखं, पायात टाचांचे बूट. माझं घराणं चार पिढ्या फुलांच्या कंदांत, त्यामुळं विशीतच माझं तोंड मुकादमाचं होतं. पहिल्या दिवशी मीच तिच्यापुढं हायसिंथच्या कंदांची टोपली सोलायला सरकवली. हायसिंथच्या सालीची धूळ मानेत, मनगटात शिरली की माणूस नाचायला लागतो. नव्या माणसाला पहिल्यांदा हायसिंथच द्यायचे, अशी आमच्याकडची रीत.

दहा मिनिटांत ती ब्लाउजात हात घालून उड्या मारू लागली. अख्खं गोदाम हसलं, आणि सगळ्यांत मोठ्यानं मी.

"काय गं शहरवाली, मुंग्या चावल्या का?"

ती संडासात जाऊन रडली. डोळे पुसून परत आली आणि तीच टोपली पुन्हा पुढं ओढून बसली. त्यानंतर चाळीस वर्षं तिनं खाजेबद्दल चकार शब्द काढला नाही. खाज सुटूनही जो बोलत नाही तो आपला, असं आमच्यात मानतात. प्लोनी आमच्यातली झाली ती अशी.

२००८ च्या सप्टेंबरात एकदा मी तिला दाराच्या चौकटीवर पाठ घासताना पाहिलं.

"म्हातारपणी नाजूक झालीस की काय?" मी म्हणाले.

"झोप नाही गं, तोस. हंगाम संपत आला तरी थांबतच नाही."

चाळीस वर्षांत पहिल्यांदा ती बोलली होती. मी हातातलं काम टाकून ऐकायला हवं होतं. पण मला सगळं ठाऊक असतं ना!

"जॅकेटच्या अस्तरात धूळ बसते," मी म्हणाले. "व्हिनेगर घालून धू. आणि हे बाकीच्यांना सांगू नकोस, हसतील."

तिनं मान डोलावली.

नोव्हेंबरात माझा वाढदिवस होता. सगळे खुर्च्यांचं कडं करून बसले होते. प्लोनीनं सफरचंदाच्या टार्टमधलं मऊ तेवढं खाल्लं, कडा बशीतच ठेवल्या. बशी उचलताना मला काट्याला रक्त दिसलं.

"कवळी टोचते," ती म्हणाली. मी बशी विसळून टाकली.

फेब्रुवारीत मी मागच्या दारानं तिच्या घरी गेले. अंगणात दोरीवर तिचं कामाचं जॅकेट गोठून ताठ लटकत होतं, अस्तर धुऊन धुऊन पांढरंफटक पडलेलं. आत ती मोरीपाशी पाठमोरी उभी होती. पाठभर पाण्यानं टरारलेले फोड, काही फुटलेले, बनियन त्यांना चिकटलेलं.

"प्लोने! हे काय?"

"हायसिंथ," ती म्हणाली. "तूच म्हणालीस ना, अस्तरात बसते? अकरा वेळा धुतलं गं. जातच नाही."

गोदाम ऑक्टोबरपासून बंद होतं. गावात हायसिंथचा एक कंद जमिनीच्या वर नव्हता. मी तिला तसंच कोटात गुंडाळलं आणि गाडीत घातलं.

शहरातल्या इस्पितळात त्वचेची डॉक्टर होती, माझ्या भाचीच्या वयाची. तिनं तोंड बघितलं, फोडाच्या कडेचा तुकडा काढला, रक्त घेतलं. पुढच्या खेपेला तिनं समजावून सांगितलं. कातडीचे थर ज्यानं एकमेकांना चिकटून राहतात, त्यावरच शरीराचे पहारेकरी उलटलेत. म्हणून अंगावर फोड, म्हणून तोंडातही.

"आणि म्हणून आम्ही अजून शोधणार," ती म्हणाली. "असे फोड येणाऱ्या बहुतेकांना दुसरं काही नसतं. पण तुमच्या रक्तात या पहारेकऱ्यांचा जो प्रकार सापडला, तो असलेल्या काहींच्या पोटात, फुप्फुसात कुठंतरी गाठ असते. कधीकधी शरीर त्या गाठीवर धावून जातं आणि वार कातडीवर बसतो."

"म्हणजे खाज खरी होती," प्लोनी म्हणाली. तिला तेवढंच विचारायचं होतं.

गाठ जठरात सापडली. सीम बाहेर सिगरेट ओढायला गेला तेव्हा मी डॉक्टरीणबाईंना बोळात गाठलं.

"सप्टेंबरातच आणलं असतं तर?"

"ते कुणालाच सांगता येणार नाही," ती म्हणाली. ती हो म्हणाली असती तरी मला सोसलं असतं. हे सोसवत नाही.

गाठ काढली. नवल म्हणजे फोडही आटत गेले, गोळ्या कमी झाल्या. सव्वा वर्ष प्लोनी सायकलवरून समुद्रापर्यंत जात होती. पण रोज सकाळी ती आरशापुढं तोंड उघडून उभी राहते, असं सीमनं मला सांगितलं. स्वतःच्याच कातडीला ती भ्यायली होती. मीही भ्यायले होते.

२०१० च्या जुलैत ती अचानक गोदामात आली. कुणी बोलावलं नव्हतं. जुनं जॅकेट घातलं, खिडकीजवळ बसली आणि हायसिंथच्या टोपलीत दोन्ही हात कोपरापर्यंत खुपसले. धूळ मानेवर चोळली.

"काय गं, सवय मोडली वाटतं!" पोरी हसल्या. प्लोनीही हसली, खाजवता खाजवता.

मग तिनं माझ्याकडं पाहिलं.

"तोस, खाजतंय बघ. हे हायसिंथच ना?"

मला हो म्हणायचं होतं. ती त्यासाठीच आली होती, आधीच सुटलेल्या खाजेला हायसिंथचं नाव मिळावं म्हणून हात भरून घ्यायला. मी तिला खिडकीच्या उजेडात घेतलं.

"तोंड उघड."

गालाच्या आत एक पांढरट फोड होता, बोटाच्या पेराएवढा. हायसिंथची धूळ तिथं पोचत नाही.

"नाही, प्लोने," मी म्हणाले. "हे हायसिंथ नाही."

तिनं तोंड मिटलं, हात झटकले. "बरं झालं, या वेळी खरं बोललीस," ती म्हणाली आणि मी गाडीची किल्ली शोधेपर्यंत समोरची टोपली सोलून संपवली.

गाठ यकृतात पसरली होती. ऑक्टोबरात, कंद पुन्हा जमिनीत जात होते तेव्हा, ती गेली.

तिचं जॅकेट अजून खुंटीवर आहे. नव्या माणसाला पहिल्या दिवशी अजून हायसिंथच देतात, आणि तो नाचायला लागला की गोदाम अजून हसतं. फक्त मी हसत नाही. जागेवरून उठते, त्याला खिडकीपाशी ओढत नेते आणि म्हणते, "तोंड उघड." म्हातारीला वेड लागलंय, असं पोरी म्हणतात.