मागाच्या खड्ड्यावरची खोली

पार्वतम्मा एका प्रसूतिगृहात आया होती आणि तिथल्याच एका खोलीत इतर बायकांबरोबर राहायची. माझं धाकटं मूल तिच्याच हातात जन्मलं, तेव्हापासूनची ओळख. मी तेव्हा कॉलेजात शिकवत होते. बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या भाद्रपदात एक दिवस ती दारात येऊन उभी राहिली.

"बाई, खोली बगायचीय. तुमी संगं चला की. तुमी बोलला तर लोक ऐकत्यात."

"आणि तू बोललीस तर?"

"नवरा कुटं हाय म्हून इचारत्यात."

नवरा तिला टाकून कधीच गेला होता. त्याचा विषय नको. प्रश्न तिच्या आईचा होता. निंगव्वा दोन्ही डोळ्यांनी आंधळी, कुंभारी गावात मुलाकडे असायची. मुलगा आणि सून ऊसतोडीला श्रीपूरकडे जाणार होते. त्यानं बजावलं, नवरात्र बसायच्या आत आईला घेऊन जा, नाहीतर शेजारी बघतील. शेजारी किती बघतात ते सगळ्यांनाच ठाऊक असतं.

आम्ही हिंडलो. सिद्रामप्पा नावाच्या एका घरमालकानं तिच्या गळ्यातलं लिंग पाहिलं आणि "आपल्यातलीच की" म्हणत आधी पाणी दिलं. रात्रपाळीचं ऐकल्यावर मात्र तो छताकडे बघायला लागला.

"रात्रीची भायेर जाणारी बाई नको. घरात सुना हायत आमच्या."

"बाळंतपणं रात्रीच अडतात, सिद्रामप्पा. तुमच्या सुनांचीही अडतील," मी म्हणाले.

ती खोली गेली. पार्वतम्मा वाटेत म्हणाली, "बाई, तुमी जरा कमी बोला की." पुढच्या घरी मी तोंड मिटून बसले, तर तिथे आंधळी म्हातारी नको होती.

शेवटी विणकरांच्या गल्लीत नरसव्वाची खोली मिळाली. ही तेलुगू विधवा शेजारच्याच खोलीत बिड्या वळत बसायची. भाडं झेपणारं, कारण खोलीच्या मधोमध मागाचा खड्डा. तिचा नवरा त्यात पाय सोडून आयुष्यभर लुगडी विणत बसला होता. माग विकला गेला, खड्डा राहिला.

"बुजवून घेते," पार्वतम्मा म्हणाली.

"बुजवायचं न्हाई. त्यांची जागा हाय ती. राहायचं तर असंच राहा."

मी बोलायला तोंड उघडलं, पार्वतम्मानं माझा हात दाबला. दोघींनी मिळून तोड काढली: खड्ड्यावर फळ्या टाकायच्या.

निंगव्वा आली. खोली तिनं पायांनीच शिकून घेतली. पायाखाली फळ्या पोकळ वाजल्या की उजवीकडे चूल, सरळ गेलं की अंथरूण. मी भेटायला गेले तेव्हा तिनं मला चालून दाखवलं, नव्या सुनेसारखी लाजत. "फळी वाजली की माज्या ध्यानात येतंय बगा," म्हणाली.

खंडेनवमी आली. पार्वतम्मा सकाळीच कामावर गेली होती. नरसव्वानं निंगव्वाला बाहेर ओट्यावर बसवलं, फळ्या काढल्या, खड्ड्याच्या काठाला हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला, दिवा लावला. त्या दिवशी पुजलेलं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत हलवायचं नसतं. पार्वतम्माच्या माहेरीही विळा-कुऱ्हाड अशीच ठेवायचे, तिला काही हे नवीन नव्हतं. पण खड्डाही पुजतात हे तिच्या डोक्यातच आलं नाही. पुजलेला खड्डा झाकायचा नाही म्हणून फळ्या भिंतीला टेकवून नरसव्वा देवीला गेली. जाताना "हितंच बसा" एवढंच म्हणाली.

दुपारी ओट्यावर ऊन आलं. निंगव्वा उठली आणि फळ्या वाजायची वाट बघत आत चालत गेली.

मांडीचं हाड खुब्यातच मोडलं. दवाखान्यात डॉक्टरांनी वयाकडे बघून मान हलवली आणि घरी पाठवलं.

मी गेले ती भांडायचं ठरवूनच. नरसव्वा दारात मातीची पाटी घेऊन उभी होती, डोळे सुजलेले. मी काही म्हणायच्या आत तीच पार्वतम्माला म्हणाली, "बुजवू दे मला. आजच बुजवते."

पार्वतम्मा आईच्या पाठीखाली चादर सारखी करत होती. वर न बघता म्हणाली, "ऱ्हाऊ दे, नरसव्वा."

"अगं, परत कोणी पडलं म्हणजे?" मी म्हणाले.

"कोण पडणार, बाई? चालणारी तर पडून हाय हितं."

नरसव्वानं पाटी बाहेर नेऊन रिकामी केली, परत येऊन फळ्या खड्ड्यावर टाकल्या. खोली लहान. बाज ठेवायला दुसरी जागाच नव्हती, म्हणून ती फळ्यांवरच मांडली. पुढचा हिवाळाभर पार्वतम्मा कामावर गेली की नरसव्वा सूप मांडीवर घेऊन त्या बाजेशी बिड्या वळत बसायची. म्हातारीला तेलुगू येत नव्हतं, हिला कानडी; दोघींचं मोडक्या मराठीवर भागायचं. मी जायचे तेव्हा पाणी पाजायचं भांडं नरसव्वाच्या हातात असायचं.

"फळी वाजली की," निंगव्वा कोणी आत आलं की म्हणायची. "कोण आलं?"