विमलताईंचं समुद्रकाठचं गाव

विमलताई रस्त्यानं सरळ कधी चालायच्या नाहीत. हनोवरच्या फुटपाथवर कुठं कुठं पितळेचे छोटे चौकोन बसवलेत. युद्धाच्या काळात त्या त्या घरातून धरून नेऊन मारलेल्या माणसांची नावं आहेत त्यावर. ते चौकोन आले की विमलताई वळसा घालायच्या. समोरून ट्राम निघून गेली तरी. मला आधी वाटलं, बाईचा गुडघा दुखतोय.

"गुडघा नाही हो, गोदाबाई. अक्षरावर पाय द्यायचा नाही. आमच्या गावात शिकले मी हे."

आमचं गाव म्हणजे मला वाटलं पुणं. त्या पुण्याच्याच. पण त्यांचं 'आमचं गाव' म्हणजे स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूज. एकविसाव्या वर्षी स्कॉलरशिप घेऊन इतिहास शिकायला तिथं गेल्या. तिथंच एक जर्मन मुलगा भेटला. लग्न केलं, माहेर तुटलं, हनोवरला आल्या. मुलगी मीरा दहा वर्षांची असताना नवरा दुसरीकडे राहायला गेला. मग शाळेत इंग्रजी शिकवून एकटीनं मुलगी वाढवली. हे सगळं त्यांनी मला एकदाच सांगितलं, भाजी निवडताना. गावाचं मात्र रोज सांगायच्या.

मी चौथी शिकलेली. नवरा लवकर गेला, दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटून पोराला इंजिनियर केलं, त्यानं मला इथं आणलं. नातवंडं मराठीत विचारलं की जर्मनमध्ये उत्तर देतात. मुलगा, सून दिवसभर कामावर. खालच्या मजल्यावर मराठी बोलणारी बाई आहे कळलं, तेव्हा मी जिना उतरले तो चौदा वर्षं रोज उतरत राहिले.

त्यामुळे मी न बघितलेलं ते गाव मला पाठ आहे. मोठे रस्ते तीनच, आणि तिन्ही एका पडक्या देवळाशी येऊन मिळतात. त्या देशातलं सगळ्यात मोठं चर्च होतं म्हणे ते. मग लोकांचा धर्म बदलला आणि ज्यांच्या आजोबांनी बांधलं त्यांनीच ते मोडलं. दगड घरं बांधायला नेले. "गावातल्या निम्म्या भिंती देवळाच्या आहेत, गोदाबाई," असं विमलताई म्हणायच्या. किल्ल्यात खडक खोदून केलेला बाटलीसारखा खड्डा आहे, त्यात माणसं सोडायचे. वर यायला वाट नाही. विद्यापीठाच्या दारासमोर एका तरुण पोराला जाळलं, वेगळं शिकवतो म्हणून. आता तिथं फरशीत त्याच्या नावाची दोन अक्षरं आहेत. शिकणाऱ्यानं त्यावर पाय दिला तर तो नापास होतो. मग मे महिन्याच्या पहिल्या पहाटे समुद्रात बुडी मारायची, दोष जातो.

"तुम्ही मारली बुडी?"

"मारली की. पाय दिला नव्हता तरी मारली. साडी खोचून. सगळे गोरे बघतायत! गारठ्यानं आठ दिवस तोंडातून शब्द फुटला नाही."

"आठ दिवस गप्प? तुम्ही? मग नक्की आजारीच होतात."

हसताना त्या माझ्या मांडीवर थाप मारायच्या.

रविवारी लाल झगे घालून पोरं समुद्रातल्या धक्क्यावर चालत जायची. "जाताना खालून, घोळक्यानं, गप्पा मारत. टोकाला लोखंडी शिडी आहे. येताना वरच्या अरुंद भिंतीवरून, एकामागे एक. तेव्हा कुणी कुणाशी बोलत नाही." 

मग विसरणं सुरू झालं. आधी चाव्या, मग शेगडी. नंतर जर्मन गेलं, त्यामागून इंग्रजी. मराठी तेवढं राहिलं. आयुष्यभर शिकलेलं सगळं पुसलं गेलं आणि आईकडून आलेलं उरलं. मीराला मराठी येत नाही. मायलेकींच्या मधे मी, चौथी शिकलेली, मोडक्या जर्मनमध्ये इकडचं तिकडं सांगायची.

थोडं भान होतं तेव्हाच एकदा विमलताई म्हणाल्या, "माझं झालं की मला तिकडे नेऊन समुद्रात सोडा म्हणावं मीराला. मी सांगायला विसरेन. तुम्ही सांगा हं."

"सांगीन," मी म्हणाले. मेल्यानंतरचं आधी कशाला बोलायचं, म्हणून नाही सांगितलं.

घरी मदतीला माणूस मिळावं म्हणून मीरानं अर्ज केला. तपासायला एक बाई येणार होती. किती मदत द्यायची ते ती लिहून नेणार. मीरा दूर न्यूर्नबर्गजवळ नोकरीला, तेवढ्यासाठी आली. मला ती टांटे, म्हणजे मावशी, म्हणते. माझा हात धरून म्हणाली, "टांटे गोदा, सगळं खरं सांगा. काही लपवू नका."

"या, या," मी म्हणाले. जर्मनमध्ये 'हो'ला 'या' म्हणतात.

आणि सकाळी काय केलं? विमलताईंना आंघोळ घातली, निळी रेशमी साडी नेसवली, वेणी घातली. कपाटांवर, शेगडीवर मीरानं चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, हे बंद कर, ते उघडू नको. पाहुण्यांपुढं शोभत नाही म्हणून सगळ्या काढल्या. शिरा केला. माझी सासू सहा वर्षं अंथरुणात होती. कुणी आलं की आम्ही तिला टेकवून बसवायचो आणि म्हणायचो, बरं आहे. माणसाची लाज चारचौघांत उघडी करायची नाही, एवढंच मला माहीत.

बाईनं विचारलं, "आंघोळ स्वतः करतात?"

"हो," मी म्हणाले. माझ्या हाताला अजून साबणाचा वास होता.

मीरा काही सांगायला लागली की मी शिऱ्याची बशी पुढे करायची.

मग बाई हळू आवाजात म्हणाली, "आत्ता आपण कुठल्या गावात आहोत?" मी ते मराठीत विचारलं. विमलताईंनी खिडकीबाहेर बघितलं. म्हणाल्या, "धुकं आलंय, म्हणून समुद्र दिसत नाही. पण धक्का जवळच आहे. रविवारी जाऊ."

बाई माझ्याकडे बघत होती. मीरा पण.

"हनोवर म्हणतात," मी म्हणाले.

बाईनं लिहून घेतलं. मीराच्या डोळ्यात पाणी आलं, आईला एवढं तरी आठवतंय म्हणून.

मदत नावालाच मिळाली. आठवड्यातून दोनदा कुणीतरी यायचं आणि जायचं. पुढच्या महिन्यात धुक्याच्या सकाळी विमलताई गाऊनवरच बाहेर पडल्या, समुद्र शोधत. ट्रामच्या रुळांतून पोलिसांनी आणलं. मीरा घाबरली आणि तिनं त्यांना आपल्या गावातल्या हाइममध्ये नेलं. म्हाताऱ्या माणसांचं घर ते, स्वच्छ, फुलं लावलेली. तिथं मराठी कुणाला येणार? मुलाबरोबर मी एकदा जाऊन आले. त्यांनी मला ओळखलं, हात सोडेनात. "इथून वर यायला शिडी नाहीये, गोदाबाई," म्हणाल्या. मी त्यांचे केस विंचरले आणि निघाले. दुसरं काय करणार होते.

त्या गेल्या तेव्हा मी दोन महिने आपल्या देशात होते. परत आले तर मीरा हनोवरला आली होती, म्हणाली चला. मला वाटलं तिच्या घरी नेतेय. तिनं स्मशानात नेलं. गवतात जमिनीसरशी एक दगड, त्यावर विमलताईंचं नाव, खाली त्यांच्या राखेचा कलश.

"मनात होतं, तिकडे समुद्रावर न्यावं," मीरा म्हणाली. "लहानपणी फार सांगायची. पण त्या दिवशी बाईनं विचारलं, तेव्हा आई काय म्हणाली, आठवतं ना? सगळं विसरली होती, तरी हनोवर म्हणाली. म्हणजे हेच तिचं गाव. मग इथंच ठेवलं."

तोंडापर्यंत आलं होतं माझ्या. तिचा चेहरा बघितला.

"या," मी म्हणाले.

आता मी दर गुरुवारी ट्रामनं जाते. दगडावर पडलेली पानं काढते, पाय पडू देत नाही, वळसा घालून बाजूला उभी राहते. मीराला अजून सांगितलेलं नाही. सांगून तरी काय? एकदा ठेवलेला कलश इथं सहजासहजी वर काढू देत नाहीत. मी सुनेला विचारून घेतलंय.