देवमाणसाची किल्ली

आमच्या भावजींना लोक देवमाणूस म्हणतात. म्हणू देत. लोकांना काय, त्यांच्याबरोबर एका छपराखाली राहायचं थोडंच आहे!

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. खाली सुटांचं दुकान, वर घर. माप घेतात आमचे हे आणि कापड कापतात भावजी. ह्यांचा आवाज चौकापर्यंत जातो. गिऱ्हाइकाची ढेरी मापतानाही त्यालाच हसवतील. शनिवारी चार टाळकी जमली की पितात, गातात, जिन्यात धडपडतात आणि अख्ख्या गल्लीला कळतं. भावजींचं तसं नाही. गिऱ्हाईक आत आलं की भावजी पडद्यामागे. खडूची रेघ पुन्हा पुन्हा तपासणार, तरी कात्री लावताना जीव घाबरा. मुलगी बघायला जायचं ठरलं की ऐनवेळी पोट बिघडायचं, म्हणून लग्नही राहिलं.

ह्यावरून सासूबाईंनी एक शहाणपणा केला. घरातली बाटली भावजींच्या कपाटात ठेवली आणि किल्लीही त्यांनाच दिली. संध्याकाळी धाकट्यानं थोरल्याला एकच पेला ओतून द्यायचा. तरी बाटली भराभर संपायची. मग सासूबाई ह्यांच्यावर घसरायच्या, "दुसरी किल्ली करून घेतलीस ना, मेल्या?" हे शपथा घ्यायचे. पिणाऱ्याच्या शपथेला कोण विचारतंय! भावजी तिथंच बसून बटणं निवडत असायचे.

शेवटी सासूबाईंनी निक्षून सांगितलं, "आजपासून बाटली माझ्या खोलीत, कुलपात. किल्लीही माझ्याकडे. आणि तुझ्या दारूपायी ह्या घरात आणखी एक तमाशा झाला, तर घर आणि दुकान दोन्ही सोडायचं. धाकटा सांभाळेल सगळं."

हे संध्याकाळभर कुरकुरले, मग शेजाऱ्यांकडे पत्ते कुटायला गेले आणि विसरले. मैफल नाही तर ह्यांना बाटलीची आठवणही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चहा घेऊन खाली गेले. भावजी नवरदेवाच्या कोटाचं कापड पसरून उभे होते. शर्ट घामानं अंगाला चिकटलेला. कात्री उचलायचे, परत ठेवायचे. तिचं टोक टेबलावर टकटक वाजत होतं. ताप आहे का बघायला मी जवळ गेले, तर हळूच म्हणाले, "वहिनी, आईकडून किल्ली आणता? एवढा कोट कापतो आणि लगेच परत देतो."

मी चहा तिथंच आपटला. "म्हणजे बाटली तुम्ही संपवत होता?"

"दादा मजा म्हणून पितो. मला सकाळी घेतल्याशिवाय दुकानात उभंच राहवत नाही. गिऱ्हाइकाचा आवाज आला तरी पळून जावंसं वाटतं."

"आणि शिव्या ह्यांनी खायच्या?"

"दादा मनाला लावून घेत नाही."

लावून घेत नाही म्हणे! न्हाणीघरात नळ सोडून रडणारा माणूस मी पाहिलाय. मी तोंड उघडणार, तोच भावजी कोसळले. हातपाय झाडायला लागले. हे धावत आले, डोकं मांडीवर घेऊन बसले. सासूबाईंनी डॉक्टरांना बोलावून आणलं.

डॉक्टरांनी तपासून सरळ सांगितलं, "बरीच जुनी सवय आहे, एकदम बंद झाली म्हणून झटका आला. काहीजण मजेसाठी पितात, ते सगळ्यांना दिसतात. काही भीतीपोटी पितात, ते कुणालाच दिसत नाहीत. ह्यांना आत्ताच दवाखान्यात हलवायला हवं." आणि गाडी बोलवायला बाहेर गेले.

"माझा बाळ? शक्यच नाही!" सासूबाई ह्यांच्याकडे वळल्या. "तूच लावलीस त्याला. बोल, तूच ना?"

हे भावाकडे बघत राहिले. भावजी शुद्धीवर होते, सगळं ऐकत होते. त्यांनी डोळे मिटून तोंड भिंतीकडे फिरवलं.

"हो, मीच," हे म्हणाले. "त्याला काही बोलू नकोस."

"मग आजच्या आज चालता हो!"

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. "भावजी, खरं काय ते सांगा! तोंड शिवलंय का तुमचं?"

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं.

"वहिनी, थोडं पाणी देता?"

"आईकडून घ्या," म्हटलं आणि आमचे कपडे भरायला वर गेले.