डावी भुवई

माणसं एकमेकांना कशी ओळखतात, हा माझ्या अभ्यासाचा विषय. मी सामाजिक मानसशास्त्र शिकवते. मुलांना अनोळखी चेहऱ्यांचे फोटो दाखवायचे आणि विचारायचं, हा माणूस प्रेमळ वाटतो की तुसडा? पोरं क्षणात निकाल देऊन मोकळी होतात. फोटोतला बिचारा उलटून बोलत नाही ना!

माहेरी मात्र माझ्या विद्येला कुणी विचारत नाही. कसबा पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत तोंडभरून कौतुक करायची पद्धतच नव्हती. आईची आमटी कितीही फक्कड होवो, बाबा "छान" म्हणणार नाहीत. पहिला भुरका मारायचा, डावी भुवई जराशी उचलायची आणि म्हणायचं, "चुकून बरी झालेली दिसते." झालं, आई दिवसभर खूश. "कशी झालीये?" असं तिनं कधी विचारलं नाही. विचारून मिळवलेलं कौतुक तिला भीक वाटायचं. अख्खा संसार तिनं त्या भुवईवर केला.

मग बाबांना पार्किन्सन्स झाला. हात थरथरू लागले, आवाज खोल गेला आणि चेहरा हळूहळू आखडला. हसू नाही, राग नाही, भुवई तर नाहीच नाही. डॉक्टरांनी समजावलं की स्नायू ताठरतात, आत माणूस जिथल्या तिथे असतो. आईनं तिथे मान डोलावली आणि घरी येऊन त्यातलं अक्षरही मानलं नाही.

एकदा दुपारी वारज्याच्या माझ्या घरून आले, तर ओट्यावर डबा. बाहेरचा! आमच्या घरात!

"त्यांना माझ्या हातचं नको झालंय," आई म्हणाली. "मीच नको झालेय."

"अगं, आजार आहे तो! चेहऱ्यावरून माणसं फसतात, हेच तर शिकवते मी."

"तुझे फोटो तुझ्यापाशी ठेव. इतकी वर्षं हे तोंड बघतेय मी. मला कळतं."

अस्सा संताप आला मला! पण एवढी खमकी बाई, आणि आवाज पार बसला होता तिचा.

बाबा खुर्चीत बसून डब्यातली फ्लॉवरची भाजी चिवडत होते. मी म्हटलं, "विचार त्यांना. आत्ता, माझ्यासमोर."

आईनं पदराला हात पुसले. मग भिंतीकडे बघत म्हणाली, "अहो, खरं सांगा. माझा कंटाळा आलाय का तुम्हाला?"

बाबांना बोलायला वेळ लागतो. आम्ही दोघी वाकून उभ्या राहिलो.

"मला वाटलं," ते पुटपुटले, "तुलाच माझा आलाय. तोंड बघ की तुझं. त्यात हा डबा."

मी आईकडे पाहिलं. खरंच की! समोरचा चेहरा वाचता वाचता तिचाही ओढला गेला होता, आणि बाबा रोज तोच वाचत बसले होते.

"काय बाई माणूस आहे!" आई म्हणाली. डब्याचं झाकण लावून तिनं तो कोपऱ्यात सरकवला, चिंच भिजत घातली आणि डाळीचा कुकर लावला.

आमटीची वाटी पुढे आली. बाबांनी भुरका मारला, निम्मा सदऱ्यावर सांडला. चेहरा तसाच. आई समोर उभी, नजर सवयीनं डाव्या भुवईवर. काहीच हललं नाही. ती वळणार, इतक्यात बाबांनी हात उचलला. मला वाटलं, पाणी हवंय. हात थरथरत नाकाशी गेला, चुकला, पुन्हा वर चढला, आणि त्यांनी बोटानं आपली डावी भुवई वर ढकलली. तशीच धरून ठेवली.

आई हसत होती की रडत होती, मला सांगता यायचं नाही, आणि म्हणे हा माझ्या अभ्यासाचा विषय.

"अहो, आमटीचं बोट आहे ते!" म्हणत ती त्यांचं कपाळ पुसू लागली. बाबांनी बोट काही खाली घेतलं नाही.